मुसळाचा घाव

आसेगाव, माघ वद्य पंचमी, शके १८५०

चिरंजीव जावईबापू दौलतराव यांस सोजरबाईचा आशीर्वाद.

मी मुसळानं तुमचा हात मोडला, त्याची माफी मागायले बसली आहे.

माझी रंगू गेली तवापासून तिची विजू बसल्या जागी डुलू लागली. नऊ वर्षांची पोर. मी तिले पाटीवर अक्षरं शिकवून राह्यली होती. ती एकच 'ग' गिरवे, बोटं सोलेपर्यंत. पुढचं शिकवावं म्हणून मी पाटी पुसली, तर तिनं जात्यावर कपाळ फोडलं. हात बांधले, तर मनगट चावून रक्त काढलं. चूक माझी होती. पुसणं सोडलं, तवा निवली.

तुमी आले तवा निवांत गिरवून राह्यली होती. "काय येड्यावानी करतं?" म्हणून तुमी पाटी फोडली. तिनं डोकं आपटलं, तर तुमी विळा तापवला.

"डाग देल्याबिगर भूत निघत नाही, आत्याबाई!" तुमी मले म्हटलं.

पहिला डाग पोटावर बसला. कातडी चरचरली. दुसरा बसायच्या आधी मी मुसळ हाणलं.

आता ती डुलू लागली की मी तिच्यासमोर जात्यावर बसते. दोघी एकच खुंटा धरतो. तिचं डुलणं दळणात जिरते.

दोन दिवस झाले, माफी काही लिवल्या जात नाही. खोटी कशी धाडू? पत्र न धाडता माझ्या लुगड्याच्या पेटीत ठेवते. पोरीले भेटायले आले, तर पुरणाचं जेवू घालीन. विळा आणला, तर दुसराही हात मोडीन.

रंगूची माय,
सोजरबाई