लेस्टरची मागची खोली

महाल, नागपूर
७ नोव्हेंबर १९७४, गुरुवार

श्रीकांत विलायतेत, लेस्टरला विकत घेत होता ते घर हातचं गेलं. संध्याकाळी शेजारच्या वकिलांकडे त्याचा ट्रंककॉल आला. मालकानं होकार दिला म्हणून मी मोहल्लाभर पेढे वाटले होते. आपल्याकडे इसार घेतला की शब्द पक्का. तिकडे म्हणे दोघांच्या सह्यांचे कागद अदलाबदल होईपर्यंत कोणीही फिरू शकतो. मालक फिरला, जास्त देणाऱ्याला घर दिलं.

"कायद्यात बसते का गा हे?" मी विचारलं.

"इथं बसते, आई."

घरी आले तर हे म्हणाले, "काहून तोंड पाडून बसली वं? दुसरं घर भेटंल पोराले."

भेटेल. पण या घराला मागे एक खोली होती, बागेकडे खिडकी असलेली. "ही तुझी," असं तो म्हणाला होता. चार वर्षं झाली त्याला पाहून. मनातल्या मनात त्या खिडकीशी मी देवसुद्धा मांडले होते. ती खिडकी पूर्वेला आहे का, एवढंच आज विचारणार होते.

आता काय विचारायचं? पुढच्या घरात मागची खोली असेल का, हे ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. नाही म्हणाला असता तर?