साधना इलेक्ट्रिकल्सच्या मालकाचा कूलर

१९ एप्रिल, सकाळी

कूलर काढला. म्हणजे मी सांगितलं आणि साधनानं काढला. पत्र्याचा आहे, खालून गंजलाय. वाळा नवीन भरला, टाकी भरली, बटन दाबलं. (तेही साधनानंच. माझ्या हातात चहा होता.) हवा झकास. फक्त जाळीला हात लागला की मुंग्या येतात म्हणते. मी हात लावून पाहिला नाही. या लाइनमध्ये इतकी वर्षं काढल्यावर लांबूनच कळतं. तिला सांगितलं, उन्हाळ्यात माणसाच्या अंगातच थोडाफार करंट असतो. ती म्हणाली, तुमच्या अंगात तर कधी दिसला न्हाई.

बायको म्हणून ऐकून घेतो. दुकानाला तिचंच नाव दिलंय.

२० एप्रिल

दुकानात शहागडचं गिऱ्हाईक. एलईडी बल्ब लावून दाखवा म्हणाला. भिंतीवरची पाटी दाखवली: 'माल ग्राहकाने स्वतः चेक करून घ्यावा'. पाटी मीच रंगवून घेतलीय. लोकांना वाटतं, शेठचा विश्वास आहे गिऱ्हाइकावर. वाटू दे.

खरं म्हणजे भीती हा विषयच नाही. विकणं हे एक शास्त्र आणि लावणं हे दुसरं. मी पहिल्या शास्त्राचा माणूस. शर्टाच्या खिशात टेस्टर कायम असतो. वडीगोद्रीच्या फाट्यावर लोक टेस्टर बघूनच नमस्कार करतात.

२२ एप्रिल, दुपारी

घरी जेवायला गेलो. आई कूलरपुढं चटई टाकून झोपली होती. पंप गुर्र गुर्र करतो. मधेच एक सेकंद थांबतो, मंग परत सुरू. जनावर श्वास रोखून बसतं, तसं वाटतं.

संकल्प: उद्यापासून जेवण ओसरीवर. ओसरीवर ऊन आहे, पण घाम निघणं तब्येतीला चांगलं.

२३ एप्रिल

साधनानं मला न विचारता वायरमन बोलावला. मल्हारी. सगळ्या गावाची फिटिंग तोच करतो, सामान माझ्याकडून नेतो. त्यानं कूलरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मी दारात होतो. दारातून चांगलं दिसतं.

मल्हारी म्हणाला, "शेठ, बॉडीला करंट उतरून राह्यला. घराला अर्थिंगच न्हाई तुमच्या. खड्डा घ्या, पाइप गाडू, मीठ-कोळसा टाकू. एका दिवसाचं काम हाय."

मी म्हणालो, घेऊ की. पण अर्थिंगला जमीन ओली लागते. पाऊस पडल्यावर घेतलेलं जास्त धरतं. तोपर्यंत आपण चपला घालून वावरू.

मल्हारीनं टेस्टर खिशात टाकला. साधनाचं व्होल्टेज मात्र एकदम वाढलं. म्हणाली, अर्थिंगची तार दुकानात पडून हाय आन् घरात न्हाई, लोक काय म्हणतील? मी म्हणालो, लोड घेऊ नको.

आईला सांगून ठेवलं, कूलरला हात लावायचा नाही. ती म्हणाली, बरं. आई 'बरं' म्हणते तेव्हा तिनं ऐकलेलं नसतं.

२६ एप्रिल

आज गिऱ्हाईक कमी. बसल्या बसल्या एक गंमत लक्षात आली. आपल्या बोलण्यात किती लाइट आहे! माणूस चिडला की त्याचा फ्यूज उडतो. उशिरा समजलं की ट्यूब पेटली. थकला की बॅटरी डाऊन. समोरची द्वारकाबाई, ती बचत गटाची अध्यक्ष, तिचं तालुक्याला कनेक्शन आहे. आमच्या मेव्हण्याला रेंज नाही. एखादा पोरगा चुणचुणीत असला की म्हणतात, त्याच्यात करंट आहे.

हे सगळे शब्द मी दिवसभर बिनधास्त वापरतो. फ्यूज म्हटल्यानं बोट भाजत नाही. वायरीत मात्र तोच करंट असतो आणि तो दिसत नाही, वास येत नाही, आवाज करत नाही. बस, एवढीच त्याची मला अडचण आहे. बाकी काही नाही.

यावर एखादं भाषण करता येईल. लिहून ठेवतो.

२ मे, संध्याकाळी

आजचं लिहून काढतो, नाहीतर डोक्यातून जायचं नाही.

दुपारी घरी गेलो. साधना समोर द्वारकाबाईकडं पापड लाटायला गेल्ती. मी दार उघडलं तर आई कूलरपाशी. पितळेची घागर खाली पडलेली, फरशीवर सगळं पाणी, आई अनवाणी. एक हात जाळीला. मला वाटलं टेकून उभी आहे. मंग तिचा आवाज आला. आवाज म्हणता यायचा नाही. दात घट्ट मिटून आतल्या आत 'ङ्ङ' असं काहीतरी. खांदा थडथड उडत होता. पदर खाली पडलेला, आणि आई पदर सावरत नव्हती. ते बघितल्यावर मला कळलं.

बोर्ड माझ्या उजव्या हाताला. दारालगतच. माझ्या पायात रबरी चप्पल. मला सगळं माहीत होतं. आधी बटन बंद करायचं, माणसाला हात लावायचा नाही, लाकूड घ्यायचं. हे मी गिऱ्हाइकांना फुकट सांगतो. मी हात उचलला. बोर्डाच्या जवळ नेला. आणि डोक्यात आलं, बोर्डातही तोच आहे. हाताला म्हणालो, चल. हात गेला नाही. तोंडाला म्हणालो, ओरड. तोंडही उघडलं नाही. आई माझ्याकडं बघत होती.

मंग लाइट गेली.

गावाचीच गेली. शेजारची गिरणी बंद पडली, पंखे थांबले, पंप गप्प. आई जागच्या जागी पाण्यात बसली. मी बटन बंद केलं. तेव्हा केलं. आणि मंग ओरडलो, एवढ्या जोरात की साधना आणि द्वारकाबाई पिठाच्या हातांनीच पळत आल्या. माझं बोट अजून बटनावरच होतं.

द्वारकाबाई ओरडली, "बद्रीशेठनं जल्दी बटन दाबलं म्हणून म्हातारी वाचली गं बाई!"

मी सांगणार होतो. पण आईला दवाखान्यात न्यायचं होतं. बोटं भाजलीत, पट्टी केली. डॉक्टर म्हणाले, नशीब. ठोके बराबर आहेत.

३ मे

आई बरी आहे. पेज प्यायली. माझ्याशी जास्त बोलली नाही. अशक्तपणा असणार.

साधनानं कूलर उचकटून अंगणात ठेवला. मी त्याला वळसा घालून जातो. वायर काढलेली आहे, तरी.

कालचं पुन्हा शांतपणे आठवून पाहिलं. लाइट जाणं आणि मी बटन दाबणं यात तसं अंतर नव्हतं. जवळपास एकदमच.

६ मे

फाट्यावर चहाला तीन जणांनी हात मिळवला. सरपंच म्हणाले, प्रसंगावधान. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. पण विचार केला, बटन शेवटी कोणी दाबलं? मीच. लाइट परत आली असती तर? तेव्हा ते बटन बंद होतं म्हणून आई वाचली असती. म्हणजे वाचवण्याचं काम झालंच, फक्त वापरावं लागलं नाही.

साधना विचारते, अर्थिंगचं काय? म्हणालो, आता उलट घाईच नाही, कूलर बंदच आहे. आई गच्चीवर ओलं फडकं पांघरून पडते. उकाड्यानं तिच्या अंगावर पुरळ उठलंय.

९ मे

द्वारकाबाई आली होती. मारुतीच्या सभामंडपात बचत गटातर्फे माझा सत्कार. शाल, नारळ आणि बायकांसाठी 'विजेपासून सावधान' यावर माझं मार्गदर्शन. म्हणाली, शेठ, तुमचाच कूलर स्टेजवर ठेवू, चालू करून समजावून सांगा, म्हंजी डोक्यात बसन.

चालू करून.

ती गेल्यावर पाणी प्यायलो. तांब्या दातांवर वाजला.

नंतर निरोप पाठवला की कूलर हा कुटुंबाच्या दुःखाचा विषय आहे, स्टेजवर आणणं बरं दिसत नाही. तिनं मान्य केलं. नुसतं भाषण. भाषणाला काय भ्यायचं? २६ तारखेचे मुद्दे आहेतच.

१२ मे, सकाळी

कार्यक्रम आज. तयारी बिलकुल पक्की. नवीन रबरी सोलचे बूट. खिशात दोन टेस्टर. कोणी प्रश्न विचारला तर उत्तर: 'यासाठी अधिकृत वायरमनला भेटा.' आई पण येते म्हणाली. नको म्हणालो, ऊन आहे. म्हणाली, तुझा सत्कार हाय आन् मी घरी बसू?

१२ मे, संध्याकाळी

थोडक्यात लिहितो.

शाल झाली. नारळ झाला. द्वारकाबाईनं ओळख करून दिली, त्यात मी आईला दोन्ही हातांनी ओढून काढल्याचं सांगितलं. एवढं मी कधीच म्हणालो नव्हतो. पण अडवलं पण नाही. टाळ्या.

मी बोलायला उभा राह्यलो. 'माता-भगिनींनो, करंट दोन प्रकारचा असतो, एक बोलण्यातला आणि एक तारेतला.' हशा आला. बरं वाटलं. पुढं सरकलो. माइकची जाळी ओठाला लागली.

चट्‌.

लहानसा झटका. मंडपवाल्यानं नंतर सांगितलं, सगळ्यांनाच बसतो, आपण सवयीनं लांबून बोलतो. मला ते कोणी आधी सांगितलं नव्हतं. मला फक्त एवढं कळलं की तो आला. जो आईच्या हातातून निघून गेला होता तो मला शोधत आला. मी 'आई' म्हणून किंचाळलो. ते माइकमधून सगळ्या गावात गेलं. माइकचा स्टँड एकीकडं, नारळ एकीकडं, आणि मी स्टेजवरून उडी मारून मारुतीच्या गाभाऱ्यात, दाराआड. शाल कुठं पडली ठाऊक नाही. बाहेर बायका हसायला लागल्या. थांबेचनात.

पट्टी बांधलेल्या हातानं काठी टेकत आई आत आली. माझा दंड धरला आणि मला बाहेर नेऊन सगळ्यांना म्हणाली, "सकाळपासून उपाशी हाय लेकरू माझं. चक्कर आली त्याला. हसायला काय झालं?"

कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला.

मी सकाळी तीन भाकरी खाल्ल्या होत्या. आईनंच वाढल्या होत्या.

१३ मे

दुकान उघडलं नाही. थोडा ताप आहे. (थर्मामीटरमध्ये दिसत नाही.)

दुपारी आई जवळ येऊन बसली. साधना धुणं वाळू घालत होती. मीच सुरुवात केली. म्हणालो, आई, त्या दिवशी वेळेवर बटन दाबलं गेलं म्हणून बरं.

आई म्हणाली, "बद्री, लाइट गेल्ती."

मी म्हणालो, हो, म्हणजे त्याच सुमाराला.

"माझा हात चिकटल्ता. डोळे न्हाई चिकटल्ते. तू दारात हुभा होता. तुझा हात बोर्डापाशी गेल्ता आन् वापस आल्ता."

मी भिंतीकडं बघत विचारलं, मंग द्वारकाबाईला का नाही सांगितलं? साधनाला?

"काय सांगू? की माझं लेकरू भ्यालं?" म्हणाली, "तुझं तोंड असं पांढरं फटक पडल्तं, मला वाटलं माझ्याआधी ह्योच जातो आता. मी आतल्या आत तुलाच म्हणून राह्यले व्हते, जा रं बाहेर, जा. आवाजच निघंना."

म्हणजे तिचं 'ङ्ङ' ते होतं.

ती उठली. दारात थांबून म्हणाली, भ्या वाटलं तर वाटू दे, पण साधनाला हाक मारायची. तिला न्हाई वाटत भ्या.

१४ मे

पहाटे उठलो. दुकानातून कुदळ, फावडं... नाही, ते घरचंच होतं. दुकानातून पाइप आणि तार आणली. अंगणात, न्हाणीच्या मागं जागा आखली. जमीन दगडासारखी. पाऊस पडल्यावर सोपं गेलं असतं हे मी कोणालाही म्हणालो नाही.

दुपारपर्यंत कमरेइतका खणला. हाताला फोड आले. साधनानं मधे येऊन पाहिलं, ताक ठेवलं आणि कुदळ घेऊन अर्धा तास तिनंही खणलं. आई खाट ओढून सावलीत बसली होती. मल्हारी आला. पाइप उभा केला. मीठ आणि कोळसा मी टाकला, पाणी मी ओतलं. मल्हारी म्हणाला, शेठ, खड्डा बराबर घेतला. बरं वाटलं. मातीला मी भीत नाही, हे आज सिद्ध झालं.

मंग मल्हारी म्हणाला, तार जोडतो, मेन स्विच बंद करा.

मी साधनाला हाक मारली.