तेलाच्या डब्यातली कात्रणं

नाना, आज शाळेला सुट्टी आहे. माय पुढच्या खोलीत टीव्ही लावून डुलक्या घेतेय आणि मी जेवणाच्या टेबलावर तुमचा डबा उघडून बसले आहे. तोच, गिरणीतून आणलेला तेलाचा पत्र्याचा डबा, वरचा पत्रा कापून तुम्ही कडा ठोकून घेतल्या होत्या तो. अमळनेरचं घर सोडून मायला जळगावला माझ्याकडे आणलं तेव्हा भांडीकुंडी वाटून टाकली, पण हा डबा एसटीत मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, तूप आहे का ताई? तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी मुलगी बापाला पत्र लिहायला बसली म्हणजे तिचं काहीतरी अडलंय, हे तुम्ही पहिल्या ओळीतच ओळखलं असतं. अडलंच आहे. पण आधी डब्याचं बोलते, तुम्हालाही तेच ऐकायला आवडेल.

आपल्या घरी पेपर कधी ताजा आला नाही. गिरणीच्या कचेरीत सगळ्यांचा वाचून झाला की दुसऱ्या दिवशी तो तुमच्या पिशवीतून यायचा, रविवारची पुरवणी सोमवारी. त्याचं तुम्हाला कधी वाईट वाटलं नाही. बातमी शिळी होते, लेख मुरतो, असं तुमचं म्हणणं. आठ दिवस पेपर फडताळात ठेवायचा आणि मग त्यातलं सदर वाचायचं, आठ दिवसांनीही वाचावंसं वाटलं तर कापून डब्यात. उन्हाळ्यात मात्र त्याच पेपरांवर मायचा डोळा असायचा. पुढच्या खोलीत पेपर अंथरलेत, त्यांवर उडदाचे पापड वाळताहेत आणि कामावरून आलेले तुम्ही टोपीसुद्धा न काढता उकिडवे बसून वाचताय. लेखाचा शेवट नेमका पापडाखाली आहे. तुम्ही एक पापड उचलता, दुसरा उचलता, तिसरा कडकन मोडतो. माय लाटणं घेऊनच बाहेर येते. "पापड वाळाले टाकेल शेतस, वाचाले नही!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "दोनच ओळी ऱ्हायन्यात वं." त्या वर्षी मायनं मोडके पापड वेगळे काढून ठेवले आणि सगळे तुमच्याच ताटात वाढले. तुम्ही ते मिटक्या मारत खाल्ले, वर तो लेख पापडापेक्षा चांगला होता असंही म्हणालात, म्हणजे तुमचं धाडस मानायला हवं.

दहावीच्या सुट्टीत मी एका दुपारी डब्यातली पंधरा-वीस कात्रणं एका दमात वाचून काढली आणि मोठ्या तोऱ्यात तुम्हाला सांगितलं. तुम्ही शाबासकी द्याल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "लोनचं भाकरीसंगे खातस, वाटीभर नही." मला राग आला होता. आता पन्नाशी उलटल्यावर कळतंय की वाचनाबद्दल मला कुणी सांगितलेली तेवढी एकच उपयोगाची गोष्ट आहे. कादंबरी हातात घेतली की ती आपल्याला ओढत नेते, कुठवर आलीस म्हणून विचारते. लेखसंग्रहाचं तसं नसतं. कुठेही उघडावा, एक लेख वाचावा, मिटून कुकर लावायला जावं. कुणी परका माणूस ओसरीवर येऊन बसल्यासारखा बसतो, छत्री दुरुस्त करणाऱ्याबद्दल किंवा आपल्या विसरभोळ्या मेव्हण्याबद्दल पाच मिनिटं बोलतो आणि चहा न घेता उठतो. दिवसभर भाजी निवडताना, पेपर तपासताना त्याचं बोलणं मनात चालू राहतं.

आणि जुनी सदरं तर मला पुस्तकांहून आवडतात. लिहिणाऱ्याला ते उद्या रद्दीत जाणार हे माहीत असतं, त्यामुळे तो फार नटत नाही. कालच एक वाचलं, कोणत्या तरी मंत्र्यावर सडकून टीका आहे. मंत्री कोण, भानगड काय, आता कुणाला आठवत नाही, पण मधेच त्यानं लिहिलंय की या गडबडीत माझा चहा गार झाला आणि बायकोनं तो न बोलता पुन्हा गरम करून आणला. मंत्री गेला, तो चहा राहिला. एकानं शेवटी लिहिलंय की मांजरीचं पुढे काय झालं ते पुढच्या सोमवारी सांगेन, आणि पुढचा सोमवार डब्यात नाही. बहुतेक तो तुमच्या आठ दिवसांच्या परीक्षेत नापास झाला असणार. मी अख्खा डबा उपसला त्या मांजरीसाठी. कात्रणाची मागची बाजूही मी सोडत नाही. 'वधू पाहिजे'ची अर्धी जाहिरात, चोपड्याच्या बाजारातले कापसाचे भाव, एका सिनेमाचा शेवटचा आठवडा. तुमच्या बोटांचं तेल लागलंय तिथे कागद पारदर्शक झालाय आणि पुढचा लेख मागच्या जाहिरातीत मिसळलाय.

आता अडलेलं काम. शाळेत भूगोल शिकवायला लागले आणि दोन-तीन वर्षांत जळगावच्या एका पेपरात माझं सदर सुरू झालं, दर सोमवारी. पहिला लेख छापून आला त्याच दिवशी मी अमळनेरला आले, पेपर तुमच्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे आते, आठ दिन जाऊ दे," म्हणालात आणि फडताळात ठेवलात. मीही हट्टानं पुढच्या सोमवारी पुन्हा आले. तुम्ही चष्मा लावून वाचलात, दोनदा वाचलात. मग म्हणालात, "चांगलं लिखेल शे. पन तू कोठे शे त्यामा?" आणि पेपर मायला दिलात, पापडांसाठी. पुढे दोन वर्षं मी दर आठवड्याला लिहीत राहिले, तुम्ही दर आठवड्याला वाचत राहिलात, पण कात्री कधी घेतली नाहीत. तुम्ही गेलात त्यानंतर चौथ्या दिवशी मी डबा पाहिला. सगळ्यांची कात्रणं होती. माझं एकही नव्हतं.

तुमचं दहावं-तेरावं होण्याआधीच सोमवार आला. संपादकांनी फोन करून सांगितलं, या वेळी नाही लिहिलंत तरी चालेल. मी लिहिलं. तुमच्यावरच लिहिलं, गिरणी, शिळा पेपर, पापड, सगळं खरं. शेवटाशी येऊन अडले. लेखाला शेवट हवा होता, नाना, आणि खरा शेवट मला सोसवत नव्हता. मी लिहून टाकलं की डबा उघडला तर सगळ्यात वर माझीच कात्रणं, तारीखवार. लोक रडले. यावलहून, धुळ्याहून पत्रं आली. आणि मग एका दुपारी, माय शेजारी गेली असताना, मी माझे लेख कापून खरोखरच डब्यात नेऊन ठेवले. तुम्ही लेकीचं सगळं कसं जपलंत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला माय डबा उघडून दाखवायची, "दखा, पोरनं बठ्ठं जपीसन ठेयेल शे." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प बसले, बावीस वर्षं.

आता धुळ्याचे एक प्रकाशक माझ्या लेखांचं पुस्तक काढताहेत आणि त्यात पहिला लेख तोच हवाय त्यांना. छपाईआधीची पानं तपासायला आली आहेत, उद्या परत पाठवायची आहेत. मी फोनवर म्हटलं, तो काढून टाका. ते म्हणाले, "मॅडम, त्याच लेखासाठी तर लोक पुस्तक घेतील." तरी काढायचाच ठरवला. पण आधी मायला सांगणं भाग होतं, कारण तिची सगळी श्रद्धा त्या डब्यावर. आज सकाळी ती लसूण सोलत होती, तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तिनं हातातली पाकळी सोलून होईपर्यंत वर पाहिलं नाही.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "दखं व्हतं मी, खिडकीमाईन."

"मंग बोलनी का नही, माय?"

"तुले बरं वाटी म्हनीसन."

म्हणजे इतकी वर्षं पाहुण्यांसमोर डबा उघडून ती जे सांगत होती ते माझ्यासाठी. मला रडू आलं. तिनं लसणाचे हात पदराला पुसले आणि मला चहा टाकायला सांगितलं.

लेख काढला आहे. बाकीचे वाचले आणि तुमचं म्हणणं पटलं. पाणी वाचवा, झाडं लावा, मुलांशी बोला, सगळीकडे मास्तरीण बोलतेय आणि मी कुठेच नाही. त्यातले अर्धेअधिक मी स्वतःच खोडले, पुस्तक बारीक होईल, होऊ दे. माझी कात्रणंही डब्यातून काढून रद्दीत टाकली. आता त्यात फक्त तुम्ही निवडलेलं आहे.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही, मायलाही दाखवणार नाही. तुम्ही बरोबर होतात हे मी इथे लिहून दिलंय. पण एवढ्यानं मन भरत नाही, नाना. चांगलं नसलं तरी, मुलीचं म्हणून, एक तरी ठेवायचं होतंत.