आवक क्रमांक पडलेलं पत्र

सर, मुख्याध्यापक म्हणून आपल्या शाळेत ज्यांची ज्यांची घरची पत्रं तुम्ही फोडलीत, त्या आम्हा सगळ्या शिक्षकांचा राग या कागदावर आहे. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली म्हणून तो कमी झालेला नाही.

आम्ही गावात भाड्याच्या खोल्यांत राहायचो आणि पोस्टमन सगळं टपाल शाळेतच टाकायचा. तुम्ही एकेक पाकीट पट्टीने फाडायचात, वाचायचात, आवकचा शिक्का मारायचात आणि वर विचारायचात, "काय गुरुजी, सासूबाई अजून रुसलेल्याच का?" सगळे हसायचे. मीही हसले आहे.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि घरात तिचं लग्न ठरत होतं. रविवारी सुपारी फुटणार आहे, त्याआधी ये, आबा तुझंच ऐकतात, एवढंच तिनं लिहिलं होतं. ते तुम्ही दहा दिवस टेबलाच्या खणात ठेवलंत. मी पत्र हातात धरून तुमच्या पुढ्यात उभी आहे आणि तुम्ही चष्मा पुसत सांगताय, "परीक्षा चालू होत्या, बाई. तुमचं ध्यान उडालं असतं."

"सर, पत्र माझं होतं."

"शाळेच्या पत्त्यावर आलं ते शाळेचं. वाचा अन् वापस द्या, आवक क्रमांक पडलाय त्याच्यावर."

आणि मी ते परत दिलं! आजही ते त्या शाळेच्या फायलीत आहे.

सेनगावहून जीप धरून घरी पोचले तेव्हा सुपारी फुटून गेली होती. बहीण चुलीपुढून उठली नाही. "काहून आली न्हाईस ताई? जीप वाजली की मी दारात येऊन पाहात होते." मी खणातल्या पत्राचं सांगितलं, तर म्हणाली, "तू तर शिकलेली ना? मंग तुझं पत्र दुसऱ्यानं फोडलंच कसं?" त्यानंतर मी जिल्हाभर सभा गाजवल्या, माणसाच्या हक्कांवर घसा बसेपर्यंत बोलले. तिला उत्तर देता आलेलं नाही.

तुमच्या शोकसभेतही मलाच बोलायला उभं केलं. शिस्तीचा माणूस गेला, असं मी म्हणाले आणि लोकांनी डोळे पुसले. खोटं बोलले, सर. तुमच्या रिकाम्या खुर्चीलाही मी भीत होते.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही. पण सोमवारी तालुक्याच्या मुख्याध्यापकांपुढे मला बोलायचं आहे, आणि तिथे एवढंच सांगणार आहे: कपाटं उघडा, फायलींत लावलेली शिक्षकांची खाजगी पत्रं बाहेर काढा आणि ज्याची त्याच्या हातात नेऊन द्या.