न बोललेला झेड

३ मार्च १९८७
चौकात दगड बसवणार! आमच्या आडनावाच्या नामवंतांचा. ब्रेसाझ आडनावाची माणसं अख्ख्या फ्रान्समध्ये शंभरही नाहीत म्हणे, पण त्यात एक सेनापती, एक बिशप, एक डॉक्टर, एक चित्रकार आणि एक सायकलच्या शर्यती जिंकणारा. पाचही बाप्ये! आमची फिलोमेन आत्या कुठंय? चाळीस वर्षं या खोऱ्यातली बाळंतपणं केली तिनं. बर्फ तुडवत.

५ मार्च
मेयर ओनोरेला बेकरीत धरलं. म्हटलं, "तुला आत्यानंच ओढून बाहेर काढलं. पायाळू होतास!"
"सोलांज, हळू बोल की! लोक ऐकतायत."
मग म्हणाला, तिचा जन्मदाखला आण, घालतो नाव.

९ मार्च
आणला दाखला. मेली कटकट! आमच्या डोंगरात आडनावाच्या शेवटी झेड लिहितात, बोलत नाहीत. लिहायचं ब्रेसाझ, म्हणायचं ब्रेसा. लहान पोरालाही ठाऊक. पण आत्या जन्मली तेव्हाचा कारकून परमुलखातला. आजोबा बोलले तसं त्यानं लिहिलं — ब्रेसा. झेड गायब!
मेयर म्हणतो, "कागदावर त्या ब्रेसाझ नाहीतच. मी काय करू?"
दुरुस्ती कोर्टातून. आठ महिने लागतील. आत्याला एक्क्याण्णवावं चालू आहे!

१० मार्च
कामावर, चीज मुरवायच्या तळघरात, दिवसभर सगळ्यांवर खेकसले.

१५ मार्च
आत्याला सांगून टाकलं. सूप पीत होती. हसली. "अगं, कळा देणारी बाई झेड विचारत नाही."
मग सूप तसंच ठेवलं. गार झालं तरी खिडकीकडेच बघत होती. हवंय तिला दगडावर नाव. बोलणार नाही.

२४ एप्रिल
दगड आला. इथला पाथरवट महाग, म्हणून मेयरनं ल्यों शहरातल्याला काम दिलं होतं. नावं फोनवर सांगितली — गावच्या तोंडानं! त्यानं ऐकलं तसं कोरलं. पाची ब्रेसा. एकालाही झेड नाही! बिशपसुद्धा बिनझेडचे. पोट दुखेपर्यंत हसले.

२५ एप्रिल
सकाळी ओनोरे दारात. टोपी हातात.
"आत्या, खाली एक ओळ रिकामी आहे. एक तरी नाव कागदाप्रमाणे बरोबर असू दे दगडावर. तुमचं घालू?"
आत्यानं त्याला बराच वेळ ताटकळत ठेवलं. मग म्हणाली, "घाल. पण फोनवरच सांग हो."