चुन्याखालची लाल खूण

साहेब, उशीर झाला, माफ करा. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाच लिहायला हवं होतं. पण मी चौथी शिकलेला, कागद पुढ्यात घेतला की घाम फुटतो. शिवाय तुम्ही चुका तांबड्या शाईनं काढणारे. आता म्हातारपणी नांदेडला लेकीकडं बसून लिहितोय आणि एकेक ओळ तिच्याकडून तपासून घेतोय. ती हसते. म्हणते, बाबा, ते वाचणार आहेत का? मी म्हणतो, साहेबांचा भरवसा नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट आहे. पाणी मंडळाचं आपलं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, आणि जुन्या जिल्ह्यातून पोत्यात भरून आलेली रजिस्टरं. तुम्ही पोत्यावरच बसून वाचायचात. मी हजेरीवरचा माणूस, टेप धरायला. पहिल्याच आठवड्यात मी एका विहिरीचं पाणी "चार हात खाली" सांगितलं आणि तुम्ही पेन खाली ठेवलंत. "कुणाचा हात? तुझा का माझा?" असं विचारलंत. मग समजावलंत, की नियम मुंबईत होतो, पैसाही तिथूनच सुटतो, पण कुठल्या गावाला आधी द्यायचा ते मंडळ आपल्या विहिरीतल्या आकड्यावरून ठरवतं. तेव्हापासून मला आकड्याची धास्तीच बसली. घरी दूधही दोनदा मापायचो.

दुष्काळाचं साल. उदगीरच्या पुढं, हद्दीजवळच्या त्या गावी आपण भर उन्हाळ्यात गेलो. पाणी ठरावीक मापाच्या खाली गेलं असेल तर नळयोजना पहिल्या यादीत, नाहीतर पुढल्या साली. विहिरीवर जाऊन बघतो तर काय, आतून-बाहेरून पांढरी फटक. साहेब येणार म्हणून गावानं सकाळीच चुना मारलेला. जमिनीच्या पातळीला आतल्या दगडावर आपली लाल खूण होती, जिथून माप घ्यायचं, तीच गडप. सरपंच हात जोडून म्हणाले, "पाव्हण्याला काळी विहीर दावायची व्हय, साहेब? लगीन असल्यागत सजवली की." तुम्हाला रागवावं की हसावं कळेना. शेवटी मला म्हणालात, "रंग आण, जागच्या जागी खूण काढ," आणि तुम्ही चहाला गेलात.

साहेब, मला विहिरीत वाकता येत नाही. डोळे फिरतात. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर हजेरी गेली असती. एका हातानं कठडा धरला, दुसऱ्या हातात रंगाचा डबा, खाली बघितलं आणि लगेच मागं सरलो. मग हात पोचेल तिथं, कठड्याच्या माथ्यावरच लाल रेघ ओढली. कठडा मांडीएवढा उंच, म्हणजे पाणी तेवढंच जास्त खोल दिसणार. तुम्ही आलात, रेघेकडं बघितलंत, मग माझ्याकडं बघितलंत. "वाळू दे," एवढंच म्हणालात. मग रेघेपासून टेप सोडून आकडा घेतलात आणि सही केलीत. गाव यादीत आलं. नळाला पाणी सुटलं त्या दिवशी सरपंचांनी आपल्याला जबरीनं फेटे बांधले. तुमचा फेटा सारखा डोळ्यावर यायचा, आठवतं? शेजारच्या गावाची योजना मात्र एक साल मागं पडली. त्या गावावरून एसटी गेली की मी अजून दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघतो.

बदली झाली तेव्हा तुम्ही मला तुमचा टेप दिलात, कातडी डबीतला. चुकीचं माप घेणाऱ्याला कोण टेप देतं? हे कोडं मी इतकी वर्षं घोळवत राहिलोय.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या आठवड्यात लातूरच्या ऑफिसातून एक इंजिनियर पोरगी आली. हुशार आहे, तुमच्यासारखीच प्रश्न विचारून थकवते. म्हणाली, त्या विहिरीचा कठडा पडला, आता जमिनीवरून माप घेतो, तर रजिस्टरापेक्षा पाणी वर आलेलं दिसतं. पाणी वाढलं असं ठरलं तर विहिरीजवळ नव्या बोअरला असलेली बंदी उठेल. मग नळ किती दिवस टिकणार? "आजोबा, जुनी खूण नेमकी कुठं होती? तुमच्याशिवाय सांगणारं कुणी नाही." पाणी वाढलेलं नाही साहेब, रजिस्टरातली मापं माझ्या रेघेपासूनची, तो माझा कठडा आहे. पण तिला मी गुडघे दुखतात म्हणालो, चहा दिला आणि बेस्तरवारी या म्हणालो.

खरं सांगितलं तर बंदी टिकेल, गाव वाचेल. पण त्या पानावर तुमची सही आहे. माझं जाऊ द्या, मला आता कोण कमी करतंय. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, एवढं एकच सांगा. कळलं होतं तर माझ्या एकट्याचीच चूक म्हणून सांगतो. कळलं नव्हतं, तरी तसंच सांगणार आहे म्हणा. लेक म्हणते, मग विचारता कशाला?

हा कागद टेपच्या डबीत घडी करून ठेवतोय, टपालात टाकायला पत्ता कुठला. बेस्तरवारी सकाळी गाडी येणार आहे. मी जाणार, टेपही नेणार. पण वाकणार नाही, ते आजही जमत नाही. पोरीला वाकायला सांगीन आणि मी लांबून बोट दाखवीन. तेवढं बुधवारच्या आत कळवा.