रविवारची डोंगरफेरी

अप्पा, तुमच्यावर मी पहिल्यांदा संशय घेतला तो एका डब्यावरून. रविवारी सकाळचा चहा झाला की तुम्ही सायकल काढायचात, आई डबा आणून द्यायची आणि तुम्ही म्हणायचात, "जरा डोंगराकडून फिरून येतो." परत यायला बारा वाजायचे. कारखान्यात नेलेला डबा रोज संध्याकाळी उष्टा, तेलकट यायचा. रविवारचा मात्र चिंचेने घासल्यासारखा लखलखीत. आई तो हातात घेऊन क्षणभर बघायची आणि फळीवर ठेवून द्यायची. एका शब्दाने विचारायची नाही. तिच्या त्या न विचारण्यामुळेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तेव्हा सतरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली, आणि पुरुषांबद्दल आपल्याला सगळं कळतं अशा समजुतीत होते. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांना मी एकदा गाठलं. तुमच्याच खात्यात टाइपिस्ट, तुमचे एकमेव जिवलग. त्यांना नक्की ठाऊक असणार. "काका, अप्पा रविवारी कुठे जातात हो?" ते म्हणाले, "हवा खायला जातो. तू तुझ्या शिवणाचं बघ." आणि लगेच चपला शोधायला लागले, ज्या त्यांच्या पायातच होत्या.

सायकल मला तुम्हीच शिकवली होती, निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकींच्या मधल्या मैदानात. सिंधी लोक नुकते नुकते तिथे स्थिरावत होते. मी एका बाईच्या खाटेवर वाळत घातलेल्या पापडांवर चाक घातलं, तेव्हा ती बिचारी हसली, पण तुम्ही माझा कान धरून मला तिच्या पाया पडायला लावलंत. "आधीच सगळं सोडून आलेत ते. त्यांचं आणखी काही मोडायचं नाही." तो कान मला किती दिवस दुखत होता! त्याच कॅम्पातल्या दुकानातून मी शनिवारी लेडीज सायकल भाड्याने घेतली. दुकानदार म्हणाला, "बेटी, ब्रेक पक्का है, चेन थोडी ढीली है, चढाई पे उतर जाना." रात्रभर ती मैत्रिणीच्या अंगणात ठेवली आणि सकाळी, तिच्याकडे जाते असं आईला सांगून, तुमच्या मागे निघाले.

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या मागून ओढा ओलांडून तुम्ही बदलापूरचा रस्ता धरलात. मी दोन शेतांचं अंतर ठेवून होते. हेंद्रेपाड्यापाशी भात पिवळं पडलं होतं आणि वाऱ्याबरोबर सगळं शेत एका अंगावर वळत होतं. बदलापूर गावात तुम्ही चहा प्यायलात, एकट्यानेच. तिथून नदीच्या काठाकाठाने, मग रेल्वेचं फाटक ओलांडून चंदेरीच्या डोंगराच्या पायथ्याकडे. तिथे रस्ता संपून बैलगाडीची वाट सुरू होते. चढावर तुम्ही उतरून सायकल ढकलता, टोपी काढून वारा घेता, पुन्हा बसता. समोर डोंगराचा तो उभा सुळका, धुक्यातून नुकताच निघालेला. आणि पलीकडच्या उतारावर तुम्ही दोन्ही पाय पेडलवरून उचलून बाजूला पसरता, शाळकरी पोरासारखे, आणि तसेच खाली जाता. असे अप्पा मी घरात कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, कुणाकडे तरी जाणारा माणूसच एवढा खुशीत असतो.

पायथ्याच्या पाड्यावर तुम्ही एका कुडाच्या घरापाशी उतरलात. आतून एक बाई आली, तिशीची असेल. तिने हसून नाही, मान खाली घालून तुमच्या हातातून डबा घेतला. मी करवंदीच्या जाळीमागे उभी होते. मग तिच्या मागून एक माणूस बाहेर आला. त्याचा उजवा हात मनगटापासून नव्हता. तुम्ही त्याच्यासमोर ओट्यावर बसलात, पाटी काढलीत आणि त्याच्या डाव्या हातात पेन्सिल दिलीत. तासभर तुम्ही त्याला अक्षरं गिरवायला लावत होता. मग घासलेला डबा घेऊन, डोंगराच्या कडेकडेने, आल्या वाटेने न जाता लांबच्या वाटेने अंबरनाथकडे निघून गेलात.

इथेच मी परत फिरले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, शरम वाटत होती. पण मी पाणी मागायच्या निमित्ताने त्या घरी गेले. बाईने मला नीट न्याहाळलं. "कोन गो तू? सायबांची पोर ना? नाक तेच हाय."

मी म्हटलं, "अप्पा नेहमी येतात का?"

"येतान. बसतान, शिकवतान न जातान. जेवन देतान, तो डबा मी घासून देतंय. कुनाचा उष्टा ठेवायचा नाय." मग तिने आवाज खाली आणला. "पन कशाला येतान, त्या मना ठावं नाय. कारखान्यात यांचा हात गेला, त्याची चौकशी हाय पुढच्या महिन्यात. सायेब बोलतान, तिथं जास्त बोलू नका, मी बघतो. तू शिकलेली हायेस. तूच सांग, आमचा भला करतान का आमची तोंडां बंद करतान?"

तो माणूस डाव्या हाताने पाटी पुसत राहिला.

आणि मला ती संध्याकाळ आठवली. तुमच्या खात्यात त्या माणसाचा अपघात होऊन आठवडा झाला होता, तुम्ही जेवत होता, मी आतल्या खोलीत, आणि तुम्ही आईला हळूच म्हणालात, "हात वाचवणारी जाळी आधीच काढलेली होती यंत्रावरची, तो नवा, त्याला ठाऊकही नव्हतं. वरून हुकूम, काम अडायला नको. आणि मला लिहायला लावलं, कामगाराची बेपर्वाई." तुम्ही लिहिलेला तो कागद काकांनी टाइप केला होता. मी त्या बाईला एवढंच म्हटलं, "चौकशीत विचारा, यंत्रावरची जाळी कधी काढली होती. मी सांगितलं म्हणू नका." मी सायकलवर बसले आणि चढावर चेन उतरली, तेव्हा हात काळे करून घेत ती बसवली. वाटेत सगळे डोंगर तसेच उभे होते. तुम्ही ते बघायला त्या लांबच्या वाटेने जात होता की त्यांच्याआड लपत होता, हे मला तेव्हाही कळेना.

चौकशीत तिने तेवढंच विचारलं. काकांनी नंतर आईला सांगितलं, की चौकशीच्या साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही उठून म्हणालात, "काढली होती. मला माहीत होतं." त्या माणसाला कारखान्याने गेटवर घेतलं. तुम्हाला खालच्या जागेवर टाकलं, क्वार्टर गेलं, आपण बदलापुरात दोन खोल्यांत आलो. तुम्ही रोज कारखान्याच्या गेटपाशी सायकलवरून उतरायचात, तो डाव्या हाताने सलाम करायचा आणि तुम्ही चालत आत जायचात. हे मला त्याच्या बायकोनेच सांगितलं, पुढे बाजारात भेटली तेव्हा. रविवारी तुम्ही घरीच बसायला लागलात.

आणि काकांशी बोलणं तोडलंत. "तुला सोडलं तर आम्हा दोघांनाच ठाऊक होतं," तुम्ही आईला म्हणालात, "तिसरं कोण सांगणार?" काका दोनदा घरी आले. दुसऱ्यांदा ते दारात उभे राहून म्हणाले, "अरे, माझ्या पोरांची शपथ, मी नाही सांगितलं." तुम्ही पेपर वाचत राहिलात. आई माझ्याकडे बघत होती. तिला माझ्यावर संशय होता का? कधीकधी वाटतं, होता. कारण त्या दिवसानंतर तिने माझ्यासमोर कारखान्याचं नावही काढलं नाही. मी काकांसाठी पाणी आणलं, त्यांनी ते घेतलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ते आले होते, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, आत आले नाहीत.

तुम्ही त्या बाईचं तोंड बंद करायला जात होता की त्या माणसाचा हात परत द्यायला, हे मी ठरवू शकलेले नाही. कदाचित दोन्ही असेल. चौकशीत तुम्ही खोटं बोलू शकला असतात आणि बोलला नाहीत, एवढं मला माहीत आहे. ते तुमचं होतं. बाईला सांगितलं ते मी, आणि न्यायासाठी सांगितलं असं मी आजवर स्वतःला पटवत आले. पण त्या उतारावर तुम्हाला इतकं खूश पाहिलं होतं, आणि त्या खुशीत आम्ही कुणीच नव्हतो. त्याचाही राग असेल.

अप्पा, हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही म्हणून इथे राहणार आहे, असं लिहिलं तर ते खरं नाही. काका अजून आहेत. ऐंशीच्या पुढे गेलेत, कान गेलेत, पण डोळे चांगले आहेत, वाचतात. इथून चालत दहा मिनिटांवर राहतात. मी परवा त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन आले, आणि कोपऱ्यावरून भाजी घेऊन परतले.